दोन महिन्यांना एक बँड : कर्वेनगरमधील एका गिटार शिकवणीविषयी

कर्वेनगरमध्ये मुख्य रस्ता सोडून दोन गल्ल्या आत गेल्यावर एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर ही शिकवणी चालते. तिला नाव नाही आणि दारावर पाटीही नाही. ज्याला माहीत आहे तो विचारत विचारत येतो आणि दाराला आतून ठोकलेली जुनी गादी पाहून आपण योग्य ठिकाणी पोहोचलो हे ओळखतो. जून २०२५ मध्ये मी तिथे नाव घातले आणि मार्च २०२६ च्या अखेरीस दहा महिन्यांचे एक सत्र पुरे केले. रॉक आणि मेटल वाजवायला शिकण्यासाठी जागा शोधणारे पुण्यात पुष्कळ आहेत, पण त्यांना उपयोगी पडेल असे तपशीलवार लिहिलेले फारसे मिळत नाही, म्हणून हा अभिप्राय जरा विस्ताराने लिहीत आहे.

येथे गाणी बसवून देत नाहीत, स्केलचे तक्ते पाठ करून घेत नाहीत आणि कोणत्याही परीक्षेला बसवत नाहीत. दोन महिन्यांसाठी एक बँड घेतात आणि त्या बँडचा गिटारवादक जसा वाजवतो, तसे वाजवणे हाताला जमेपर्यंत दुसरे काही हाती घेऊ देत नाहीत. आमच्या सत्रात ब्लॅक सॅबथ, एसी/डीसी, मेटॅलिका, आयर्न मेडन आणि मेशुगा हे पाच बँड याच क्रमाने झाले. मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी दीड तास, एका तुकडीत सहा जण, महिन्याला तीन हजार रुपये आणि प्रत्येक बँडच्या आरंभी दोन महिन्यांचे पैसे आगाऊ, असा हिशेब आहे.

मी बेचाळीस वर्षांचा असून भोसरीच्या एका कारखान्यात नोकरी करतो. इंजिनिअरिंगच्या वसतिगृहात मित्रांचे पाहून गिटार शिकलो आणि नंतर ती अकरा वर्षे कपाटावर पडून होती. शिकवणारे सर माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आहेत. पहिल्या दिवशी ते मला ‘काका’ म्हणाले, मी त्यांना ‘सर’ म्हणालो आणि दोघेही क्षणभर अवघडलो. पण तुकडीतले बाकीचे पाच जण अकरावीपासून पदवीपर्यंतचे असल्यामुळे ‘काका’ हेच माझे नाव कायम झाले. त्याआधी शहरातल्या दुसऱ्या एका क्लासमध्ये मी चार महिने घालवले होते. तिथे चार कॉर्डांवर बसणारी हिंदी गाणी एकामागून एक वाजवून घेत आणि मेटलचे नाव काढले की आधी बेसिक पक्के करा, असे सांगत. मेटलचे बेसिक निराळे असते आणि ते बहुतांशी उजव्या हातात असते, ही गोष्ट मला कर्वेनगरच्या या खोलीत समजली. या शिकवणीचे सगळे गुण आणि बरेचसे दोष त्या एका गोष्टीशी जोडलेले आहेत.

आरंभ मात्र डाव्या हातापासून झाला. ब्लॅक सॅबथचा टोनी आयोमी डावखुरा आहे, म्हणजे तारा दाबण्याचे काम त्याचा उजवा हात करतो. बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात सतराव्या वर्षी, नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी, न आलेल्या कामगाराच्या जागी तो प्रेसवर उभा राहिला आणि त्याच उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके त्याने गमावली. आमच्या कारखान्यातही प्रेस आहेत. दोन्ही हातांनी दोन वेगळी बटणे दाबल्याशिवाय आमची प्रेस खाली येत नाही, आणि ही व्यवस्था कशातून आली असेल ते मला ठाऊक असल्यामुळे ही हकीकत ऐकताना इतरांपेक्षा मला जास्त कसेसे झाले. पुढे त्याच्या फोरमनने त्याला जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची तबकडी ऐकवली. जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटे आगीत निकामी झाली होती आणि तरीही तो तसा वाजवत होता. आयोमीने मग प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे केली, त्यांवर चामडे चिकटवले, गिटारला बँजोच्या पातळ तारा लावून पाहिल्या, आणि १९७१ मधल्या तिसऱ्या अल्बमपासून काही गाण्यांत तारा तीन सेमीटोन, म्हणजे तीन अर्धस्वर, खाली उतरवल्या, कारण सैल तार दाबायला कमी जोर लागतो.

इतके सांगून झाल्यावर सरांनी कपाटातून कापडी चिकटपट्टी काढली आणि प्रत्येकाला डाव्या हाताच्या मधल्या दोन बोटांच्या टोकांवर तिचे तीन वेढे घ्यायला लावले. पुढचे तीन आठवडे आम्ही तसेच वाजवले. पट्टी बांधलेल्या बोटाला तार जाणवत नाही. लागली की नाही हे कानानेच ठरवावे लागते. अंदाज न आल्याने माणूस जरुरीपेक्षा जास्त दाबतो आणि स्वर चढा लागतो. पूर्ण कॉर्ड धरणे अवघड जाते, म्हणून पहिले बोट आणि करंगळी यांवर भागवून दोन स्वरांची पॉवर कॉर्ड धरली जाते. झटपट बोटे हलवता येत नाहीत, म्हणून एकच स्वर लांबवून त्याला कंप द्यावासा वाटतो. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी माझ्या हातून जे निघत होते ते बरेचसे सॅबथसारखे होते, आणि त्यासाठी मला कोणी त्यांचे एकही गाणे शिकवलेले नव्हते. पैसे वसूल झाले असे मला पहिल्यांदा वाटले ते त्या दिवशी.

आमच्या तुकडीत सात वर्षे गाणे शिकलेली एक मुलगी होती. सॅबथच्या पहिल्या अल्बममधले बँडच्याच नावाचे गाणे ज्या तीन स्वरांवर उभे आहे, ते सरांनी वाजवून दाखवताच तिने खालचा सा, वरचा सा आणि तीव्र मध्यम असे ते ओळखले आणि मग विचारले, “सर, पण मग प कधी येतो?” तीव्र मध्यम लागला की यमन शिकलेल्या कानाला पंचमाची ओढ लागते, आणि इथे तो पंचमाकडे न नेता तसाच लोंबकळत ठेवलेला आहे. त्या गाण्यात जी भीती वाटते तिचे इतके नेमके कारण मी त्याआधी कुठे ऐकले नव्हते. ५ जुलैला बर्मिंगहॅममध्ये व्हिला पार्कवर सॅबथचा अखेरचा कार्यक्रम झाला आणि २२ जुलैला त्यांचे गायक ऑझी ऑस्बर्न गेले. त्या दिवशी मंगळवार होता. आमची शिकवणी आटोपून आम्ही घरी गेल्यावर रात्री उशिरा बातमी आली. शनिवारी सर त्याविषयी काही बोलले नाहीत. त्यांनी तेच तीन स्वर एकदा वाजवले, ते पूर्ण विरेपर्यंत थांबले आणि हजेरी घेतली.

एसी/डीसीला मी सोपे समजत होतो. १९७३ मध्ये सिडनीत माल्कम आणि अँगस या यंग बंधूंनी हा बँड काढला. शाळेच्या गणवेशात रंगमंचभर धावणाऱ्या अँगसकडे सगळ्यांचे लक्ष जाते, पण सरांनी दोन्ही महिने मागे ड्रमजवळ उभ्या राहणाऱ्या माल्कमला दिले. माल्कमच्या ग्रेच गिटारवर ब्रिजजवळचा (तारा खाली जिथे गिटारीवर टेकतात तिथला) एकच पिकअप, म्हणजे तारांचा कंप टिपणारा भाग, शिल्लक होता, तारा जाड होत्या आणि अँपवर डिस्टॉर्शन (आवाजाचे गुरगुरणे) पुष्कळांना वाटते त्याहून फार कमी असे. पहिल्या दिवशी सरांनी माझ्या अँपचा गेन, म्हणजे ते गुरगुरणे वाढवणारे बटण, आठवरून तीनवर आणला. त्या एका कृतीने माझी वीस वर्षांची समजूत उघडी पडली. साध्या ए कॉर्डमध्ये माझी एक तार अर्धवट दाबली जात होती, पिक दर वेळी वेगळ्या कोनात पडत होते, आणि कॉर्ड थांबवताना तारांवर हात ठेवायला मला क्षणभर उशीर होत होता. गेन जास्त असला की हे सगळे गुरगुरण्यात झाकले जाते.

माल्कमच्या वाजवण्यात दोन कॉर्डांमधली शांतता कॉर्डांइतकीच मोजून ठेवलेली असते. सर ड्रमचा ठेका लावत आणि त्यावर कॉर्ड वाजवायची नाही, फक्त ती थांबवायची जागा हाताने दाखवायची, असा पाऊण तास सराव घेत. कॉलेजातल्या मुलांना हा सराव मुळीच आवडला नाही. त्यातच ऑगस्ट उजाडला आणि तुकडीतला एक जण ढोल-ताशा पथकाच्या सरावासाठी नदीकाठी जाऊ लागला, दुसरा त्याला सोडायला जाऊ लागला, आणि बाहेर सगळीकडे ढोल घुमत असताना आम्ही चौघे आत बसून शांतता मोजत राहिलो. गणेशोत्सवाचे दिवस शिकवणी बंद होती, ते योग्यच होते. पण बुडालेले तीन वर्ग पुढे भरून देण्यात आले नाहीत आणि शुल्कातही ते धरले गेले नाहीत. विचारल्यावर “काका, बघू या” असे उत्तर मिळाले. ते बघणे अजून झालेले नाही.

मेटॅलिकाच्या दोन महिन्यांविषयी मात्र सावकाश लिहायला हवे, कारण या शिकवणीचे सर्वोत्तम आणि सर्वांत आक्षेपार्ह असे दोन्ही तिथे दिसले. जेम्स हेटफील्ड ऱ्हिदम वाजवताना शक्य तिथे पिक फक्त वरून खाली मारतो. खाली-वर असे मारले तर निम्म्या श्रमात तोच वेग गाठता येतो, पण वर येणारा फटका तारेला दुसऱ्या बाजूने आणि हलका लागतो, त्यामुळे एक जड, एक हलका अशी झुलती चाल येते. सगळे फटके खालच्या दिशेचे असले की प्रत्येक स्वर सारख्याच वजनाने पडतो आणि यंत्रासारखा तो कठोर ठोका तयार होतो. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ या १९८६ च्या गाण्याची लय मिनिटाला सुमारे २१२ ठोक्यांची आहे आणि एका ठोक्याला दोन फटके पडतात, म्हणजे सेकंदाला सात, आणि तेही मिनिटांमागून मिनिटे. आम्ही १२० पासून सुरुवात केली आणि दर वर्गाला मेट्रोनोम (लय ठोकणारे यंत्र) चारने वाढवला.

त्याच्या जोडीला पाम म्यूटिंग. उजव्या पंजाची करंगळीकडची कड ब्रिजच्या अगदी तोंडाशी तारांवर टेकवायची, म्हणजे स्वर गुदमरतो पण मरत नाही. हे वाक्य कोणीही सांगेल. या शिकवणीत त्याच्या पुढचे शिकायला मिळाले. कड ब्रिजवरच राहिली तर तार मोकळी वाजते. दोन-तीन मिलिमीटर पुढे सरकली तर ‘चग्’ असा भरीव आवाज येतो. आणखी तेवढीच पुढे गेली तर नुसती टकटक उरते आणि स्वर ओळखू येत नाही. सरांनी प्रत्येकाच्या पंजाच्या कडेला पेनाने एक रेघ काढली आणि ती रेघ ब्रिजच्या कोणत्या भागाशी जुळायला हवी ते गिटारीवर चिकटपट्टी लावून दाखवले. प्रत्येक गिटारीचा ब्रिज वेगळा, प्रत्येकाचा पंजा वेगळा, त्यामुळे प्रत्येकाची पट्टी वेगळ्या जागी आली. दोन आठवड्यांनी पट्टी काढली तेव्हा पंजा आपोआप तिथे जाऊन बसत होता. व्हिडिओ पाहून हे मला कधीही साधले नसते, कारण व्हिडिओला माझा हात दिसत नाही.

तुकडीत सगळ्यांत पुढे गेला तो पथकातला मुलगा. तो ताशा वाजवतो, आणि ताशाची काठी मनगटातून सोडायची सवय असल्यामुळे त्याचा खांदा आणि कोपर सैल राहत असे. नोव्हेंबरअखेर तो २०० वर पोहोचला. मी १७६ वर अडकलो आणि अजूनही १८० च्या पुढे गेलेलो नाही. दुसरा एक मुलगा ताठ मनगटाने हट्टाने वेग वाढवत राहिला, त्याचा हात कोपरापर्यंत दुखू लागला आणि त्याला दोन आठवडे गिटार बाजूला ठेवावी लागली. माझा मुख्य आक्षेप येथे आहे. इतका कष्टाचा सराव घ्यायचा तर आधी हात मोकळे करण्याचे व्यायाम, मध्ये विश्रांती, आणि दुखू लागताच थांबण्याची सक्त सूचना असायलाच हवी. सर म्हणत, “दुखलं तर थांब,” पण समोर फळ्यावर प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा वेग लिहिलेला असताना सतरा वर्षांचा मुलगा थांबत नसतो.

गाणे शिकलेल्या मुलीने इथेही एक गोष्ट सहज सांगून टाकली. मेटॅलिका आणि त्यांच्या पिढीतल्या थ्रॅश (वेगवान मेटल) बँडांमध्ये मोकळी सहावी तार आणि तिच्या लगतचा पहिला फ्रेट (गिटारीच्या दांड्यावरचा पडदा) यांच्यात जे सतत ये-जा करणे असते, ते म्हणजे सा आणि कोमल रिषभ. फ्रिजियन मोड म्हणून ज्याची धास्ती घातली जाते, तो स्वरांच्या दृष्टीने भैरवी थाट आहे. रॉकमध्ये सोलोसाठी सगळे ज्यावर विसंबतात ती मायनर पेंटॅटॉनिक म्हणजे धानीचे स्वर, आणि डीप पर्पलच्या रिची ब्लॅकमोरपासून पुढच्या गिटारवादकांनी ज्याचा लळा लावला तो हार्मोनिक मायनर म्हणजे कीरवाणी. चलन, न्यास, वादी-संवादी यांचा अर्थातच काही संबंध नाही, राग म्हणून हे एक नव्हेत. पण ज्याच्या कानावर हे स्वर लहानपणापासून पडले आहेत त्याला निराळ्या नावांचे भय वाटायचे कारण राहत नाही. सरांना हिंदुस्थानी संगीत येत नाही. त्यांनी हे मोकळेपणाने कबूल केले आणि त्यानंतर प्रत्येक नव्या स्केलला ते त्या मुलीकडे पाहू लागले. शिकवणाऱ्याचा हा गुण मला कौशल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

आयर्न मेडनचे महिने आनंदात गेले, त्यामुळे त्यांविषयी लिहिण्यासारखे कमी आहे. डेव्ह मरे आणि एड्रियन स्मिथ यांच्या दोन गिटारी एकाच धुनेला तिसऱ्या स्वराचे अंतर ठेवून समांतर चालतात. ही रीत त्यांच्याआधी विशबोन अ‍ॅश आणि थिन लिझी यांनी रुळवलेली होती. सरांनी आमच्या तीन जोड्या केल्या. आसावरी थाटाचे स्वर घेऊन एकाने सा वाजवला की दुसऱ्याने कोमल गंधार, एकाने रिषभ की दुसऱ्याने मध्यम, असे वर चढायचे. दोघांमधले अंतर कधी तीन सेमीटोनांचे असते तर कधी चारांचे, कारण ते थाटातल्या स्वरांवरून ठरते. सरळ तीन फ्रेट वर सरकवून चालत नाही. आपल्याकडे साथीचा पेटीवाला गवयाच्या मागोमाग तोच स्वर धरतो, त्यामुळे शेजारचा माणूस वेगळा स्वर वाजवत असताना आपल्या स्वरावर टिकून राहणे आम्हां सर्वांना जड गेले. डिसेंबरच्या एका शनिवारी मी आणि ती मुलगी सोळा मात्रा न अडखळता गेलो आणि दोन साध्या ओळींतून तिसराच आवाज खोलीत उभा राहिला. स्टीव्ह हॅरिसच्या बेसवर चालणारी मेडनची घोडदौड, म्हणजे एक लांब आणि दोन आखूड फटके, मेटॅलिकानंतर हाताला हलकी वाटली.

मेशुगा हा स्वीडनमधल्या उमेओचा बँड घेण्याची घाई झाली असे मला वाटते. त्यांच्या आठ तारांच्या गिटारी आमच्यापैकी कोणाकडे नव्हत्या. सरांच्या सात तारांच्या एका गिटारीवर आळीपाळीने काम चालले. कल्पना मात्र समजली आणि ती विलक्षण आहे. ड्रमवर झांज चार-चारचा सरळ ठेका धरून असते आणि गिटारीचा तुकडा वेगळ्याच लांबीचा असतो. समजा तो सात भागांचा आहे आणि ठेक्याचे एक आवर्तन सोळा भागांचे. आठ आवर्तनांत १२८ भाग होतात, सातचे अठरा तुकडे १२६ भाग व्यापतात, आणि उरलेल्या दोन भागांत काहीतरी करून समेवर यायचे. तिहाई ऐकत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. समजणे आणि वाजवणे यांत मात्र अंतर असते, आणि ते दोन महिन्यांत कापले गेले नाही. सरांचाही हात इथे आधीच्या चार बँडांइतका सहज चालत नव्हता. या जागी एखादा सोपा बँड घेतला असता तर सत्राचा शेवट अधिक समाधानाने झाला असता.

सर बँडांना घराणी म्हणतात. सॅबथ घराणे, मेटॅलिका घराणे. आधी एका घराण्याची तालीम, मग बाकीची श्रवणभक्ती, असे त्यांचे म्हणणे असते. पहिल्यांदा ऐकताना ही उपमा छान वाटते, पण दहा महिन्यांनी मला ती पटेनाशी झाली. घराण्यात एक गळा दुसऱ्या गळ्याला शिकवतो. बँडमधला गिटारवादक मात्र कोणाचे तरी कापलेले बोट, कोणाचा तरी जोरात वाजवणारा ड्रमर आणि बेससाठी सोडावी लागणारी जागा अशा अडचणींतून घडतो. आयोमीच्या रिफखाली (गिटारीच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्याखाली) गीझर बटलरचा बेस नसता तर पॉवर कॉर्डचे ते दोन स्वर इतके रुंद लागले नसते. असे असताना शिकवणीत पहिले सहा महिने आम्ही कधी माणसाने वाजवलेल्या ड्रमबरोबर वाजवलेच नाही, सगळे मोबाइलमधल्या ठेक्यावर. डिसेंबरपासून महिन्यातून एकदा कोथरूडमधली एक जॅमरूम तासाच्या भाड्याने घेऊन, ड्रमवादक आणि बेसवादक बोलावून वाजवणे सुरू झाले, आणि त्याचा वेगळा खर्च माणशी साडेतीनशे रुपये आला. त्या पहिल्या तासात मी जे शिकलो ते आधीच्या महिन्याभरात शिकलो नव्हतो. जिवंत ड्रमवादक किंचित पुढे सरकतो, मागे राहतो, आणि त्याच्या उजव्या पायाकडे पाहून आपला हात पाडावा लागतो. हे पहिल्या बँडपासून असायला हवे आणि मुख्य शुल्कात असायला हवे.

दुसरी उणीव लीडची, म्हणजे एकट्याने पुढे येऊन वाजवायच्या सोलोची. दहा महिन्यांत सोलो म्हणून जे झाले ते चार-पाच वर्गांपुरते. ज्यांना पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोरसारखी तार ताणून स्वराला बोलते करायचे आहे, त्यांनी या सत्रात जाऊ नये. तिसरी, भारतीय बँडांचा उल्लेखच नाही. मुंबईचा इंडस क्रीड, दिल्लीचा परिक्रमा, मुंबईचेच डेमॉनिक रिझरेक्शन आणि भयानक मौत हे इथल्याच खोल्यांतून, इथल्याच अडचणींतून घडलेले बँड आहेत. आयर्न मेडन २००७ मध्ये बंगळूरला आले तेव्हा परिक्रमाने त्यांच्याआधी वाजवले होते. मेडनचे दोन महिने झाले आणि ही गोष्ट वर्गात मला सांगावी लागली. ज्या शहरात एनएच७ वीकएंडर हा महोत्सव २०१० मध्ये सुरू झाला, तिथल्या शिकवणीकडून ही अपेक्षा अवाजवी नाही. चौथी किरकोळ, पण त्रासदायक : हाती दिलेल्या टॅबच्या (कोणती तार कुठे दाबायची ते दाखवणाऱ्या लिपीच्या) प्रती इंटरनेटवरून छापलेल्या असून त्यांत चुका आहेत. सर वाजवतात बरोबर, कागदावर असते वेगळे, आणि घरी सराव करताना माणूस कागदालाच धरून बसतो.

जागेविषयी थोडे. खोली लहान आहे, सहा गिटारी आणि सहा स्टँड मांडल्यावर पाय ठेवायला जागा राहत नाही. एक मोठा आणि दोन लहान अँप आहेत. बाकीचे तिघे हेडफोनवर. सिंगल-कॉइल पिकअपची गिटार असेल तर वरची ट्यूबलाइट लागताच अँपमधून भुणभुण येते. माझी तशीच आहे, म्हणून माझी पाळी आली की सर न सांगता ट्यूब बंद करून कोपऱ्यातला दिवा लावतात आणि तुकडी म्हणते, “काकांचा अंधार झाला.” शेजाऱ्यांशी समझोता असा आहे की रात्री साडेआठनंतर फक्त हेडफोन, आणि दहावी-बारावीच्या परीक्षांच्या काळात सातनंतरच. मेशुगाचे बरेचसे वर्ग त्यामुळे जवळजवळ शांततेत झाले. बाहेरून पाहणाऱ्याला सहा माणसे एका लयीत मान हलवत बसलेली दिसली असतील. दुचाकी लावायची अडचण आहे. समोरच्या दुकानापुढे लावू नये, तिथले गृहस्थ बोलायला कमी करत नाहीत.

एकंदरीत ज्याने वर्ष-दोन वर्षे काही ना काही वाजवलेले आहे, ज्याला कॉर्ड धरता येतात आणि तरीही आपले वाजवणे ‘तसे’ का लागत नाही हा प्रश्न ज्याला पडलेला आहे, त्याने इथे अवश्य जावे. अगदी नव्याने गिटार घेतलेल्याला पाठवू नये. पहिल्या आठवड्यात बोटांना चिकटपट्टी बांधून घेतल्यावर तो पुन्हा येणार नाही. शुल्क त्या भागातल्या दरांच्या मानाने जास्त आहे, पण सहाच जणांची तुकडी आणि प्रत्येकाच्या हाताकडे जाणारे सरांचे लक्ष पाहता मला ते महाग वाटले नाही. बुडालेल्या वर्गांचा हिशेब मात्र पैसे भरण्याआधी स्पष्ट करून घ्यावा, शक्य तर लेखी.

पुढच्या सत्राचा पहिला बँड फळ्यावर लिहून झाला आहे : लेड झेपलिन. त्यांचा गिटारवादक जिमी पेजने काही रचनांसाठी वापरलेली, खालून वर डी, ए, डी, जी, ए, डी अशी तारांची जुळणी त्यात येणार आहे. पेज आणि बँडचा गायक प्लांट १९७२ मध्ये मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर ध्वनिमुद्रण करून गेले होते, हे सांगताना सरांचा चेहरा उजळला होता. त्या जुळणीचे स्वर सा, प, सा, म, प, सा असे होतात, हे या वेळी त्या मुलीच्या आधी माझ्या लक्षात आले. त्यासाठी अ‍ॅकूस्टिक गिटार लागणार, आणि माझ्या वसतिगृहातल्या गिटारीचा ब्रिज लाकडापासून सुटला आहे. अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका दुकानात ती दुरुस्तीला टाकली असून येत्या गुरुवारी मिळेल असे ते म्हणतात.